वीतभर घराचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला येतो, तोफ येते, ताम्रपट येतो. फार तर एखाद्या सरदाराचा वाडा आणि त्याची कोरीव कमान. वीतभर उंचीची लाकडी खुर्ची, तळहातावर मावणारा पाळणा, आगपेटीपेक्षा जरासे मोठे कपाट अशा वस्तूंनाही इतिहास असतो, असे सहसा कुणी म्हणत नाही. त्या 'पोरींच्या खेळण्यातल्या'! पोरी मोठ्या झाल्या, सासरी गेल्या की खेळणी माळ्यावर जातात, आणि माळा साफ करायचा दिवस उजाडला की चुलीत नाहीतर भंगारात.

गेली बारा-तेरा वर्षे मी बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात अशा वस्तू पाहत फिरतो आहे. फिरतो म्हणजे काय, तर शनिवार-रविवारला एखादी रजा जोडून सरकारी नोकराला जमेल तेवढे. आम्हा गोवेकरांना बेळगाव काही परके नाही. शिक्षण, दवाखाना, भाजी, सोयरीक यांतल्या कशासाठी तरी प्रत्येक घरातले कुणी ना कुणी चोर्ला किंवा अनमोडचा घाट चढलेले असते. माझी मावशी शहापुरात दिली होती, त्यामुळे उतरायला घर होते आणि वाटा दाखवायला मावसभाऊ.

माझ्या मालकीच्या वस्तू अवघ्या एकोणीस. पाहिलेल्या, मापे घेतलेल्या मात्र कितीतरी जास्त. कचेरीतली सवय म्हणून मी त्यांचे एक रजिस्टर ठेवले आहे. अनुक्रमांक, वर्णन, माप, लाकूड, कोठे पाहिली, मूळ कोणाची, आणि शेवटचा रकाना 'त्या घरात तिला काय म्हणत'. पहिले पाच रकाने फूटपट्टी आणि दोन डोळे असले की भरतात. शेवटचे दोन भरायला माणूस लागते, आणि बहुतेक वेळा ते माणूस एखादी म्हातारी बाई असते. या लेखात मला जे सांगायचे आहे ते या शेवटच्या दोन रकान्यांबद्दलच आहे.

प्रथम, हे छोटे फर्निचर आपल्याकडे होते तरी कशासाठी?

सगळे काही खेळण्यासाठी नव्हते. सर्वांत मोठा वाटा देवाचा. देव्हारा, चौरंग, पाट, पालखी, झोपाळा, शेज हे सगळे देवाच्या मापाचे फर्निचरच की! चैत्रगौर झोपाळ्यात बसते, रामनवमीला आणि गोकुळाष्टमीला पाळणा हलतो, त्या सगळ्याला सुतार लागतो. आमच्या गोव्यात ख्रिस्ती घरांतून भिंतीला लागून जे लाकडी ओराटोर असते, ते तरी काय? एका अख्ख्या वेदीची छोटी प्रतच. त्यानंतर नवसाचे पाळणे. मूल व्हावे म्हणून किंवा झाले म्हणून देवीला वाहिलेले. मग रुखवतात मांडायच्या वस्तू. मग भातुकली. आणि शेवटी कारागिराने 'असे करून देऊ का?' म्हणून गिऱ्हाइकाला दाखवायला केलेला नमुना.

हे प्रकार ओळखायचे कसे? माझ्या अनुभवात वस्तू उलटी करून पाहावी. देवाच्या चौरंगाच्या सांध्यांत हळद-कुंकू आणि तेल मुरलेले असते, ते घासून जात नाही. भातुकलीच्या वस्तूचे पाय खालून झिजलेले असतात, कारण ती जमिनीवरून ओढलेली असते, आणि कधीकधी कडेला दातांच्या खुणाही सापडतात. नवसाचा पाळणा बहुधा एकदाच हाताळलेला, म्हणून कोरा. नमुन्याची वस्तू तर खालून-वरून सारखीच स्वच्छ.

युरोपात या छंदाचा इतिहास मोठा आणि श्रीमंती आहे. अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ओर्टमन नावाच्या व्यापाऱ्याच्या बायकोने १६८६ ते १७१० या काळात सजवलेले बाहुलीघर आहे. त्यातले फर्निचर, चिनी मातीची भांडी, कापड सगळे त्या त्या धंद्यातल्या खऱ्या कारागिरांकडून मापात करवून घेतलेले. त्यावर झालेला खर्च कालव्याकाठच्या एका खऱ्या घराच्या किमतीला भिडणारा होता, असे सांगतात. त्याच सतराव्या शतकात आपल्या शेजारच्या वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, हे लक्षात घेतले की अॅम्स्टरडॅम फार लांब वाटत नाही.

पुढे १९२१ ते १९२४ या काळात इंग्लंडच्या क्वीन मेरीसाठी एक बाहुलीघर बांधले गेले. त्याचा आराखडा एडविन लट्यन्सचा, म्हणजे ज्याने नवी दिल्ली उभी केली त्याच वास्तुतज्ज्ञाचा. एक फुटाला एक इंच हे प्रमाण. नळाला पाणी, खोल्यांत विजेचे दिवे. सुमारे दीड हजार कलावंत आणि कारागिरांचे हात त्याला लागले. अमेरिकेत नार्सिसा थॉर्न या बाईंनी १९३२ ते १९४० या काळात अशाच मापाच्या खोल्या करवल्या. त्यांतल्या ६८ खोल्या शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहेत.

पण यात एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. ही बाहुलीघरे मोठ्या माणसांची होती. खेळायची नव्हती, पाहायची आणि दाखवायची होती. म्हणून ती टिकली, आणि करवून घेणाऱ्या बायकांची नावेही टिकली. आपल्याकडची वीतभर खुर्ची खेळली गेली, झिजली, मोडली. तिची मालकीण आठ-नऊ वर्षांची होती. तिचे नाव कुणी लिहून ठेवणार?

आता मोठ्या फर्निचरकडे वळू. कारण छोट्याचा इतिहास कळायला मोठ्याचा थोडा तरी ठाऊक हवा.

घाटावरच्या जुन्या मराठी घरात फर्निचर म्हणावे असे फारसे नव्हतेच. बसायला जमीन, त्यावर बैठक, लोड-तक्के. जेवायला पाट. निजायला बाज किंवा वळकटी, ऐपत असली तर पलंग. पाण्याच्या घागरींना घडवंची. कपडे-दागिन्यांना पेटारा. बाकीचे सामान भिंतीतल्या फडताळात, कोनाड्यात, देवळीत. म्हणजे अर्धेअधिक फर्निचर भिंतीतच बांधलेले! समुद्राकाठी आमच्याकडे गोष्ट वेगळी. पोर्तुगीज चारशे एकावन्न वर्षे राहिले, त्यामुळे टेबल-खुर्ची घरात लवकर आली. खुर्चीला कोकणीत 'कदेल' म्हणतात तो शब्द पोर्तुगीज, आणि मराठी-हिंदीतली 'अलमारी' हीसुद्धा पोर्तुगीजांचीच. 'खुर्ची' मात्र अरबी-फारसीच्या वाटेने आली. एका खुर्चीला किनाऱ्यावर एक नाव आणि घाटमाथ्यावर दुसरे, आणि दोन्ही नावे बाहेरची.

घाटमाथ्यावरच्या मध्यमवर्गीय घरात खुर्ची खऱ्या अर्थाने आली ती इंग्रजी अमदानीत. आणि इथे बेळगावचे महत्त्व सुरू होते.

१८१८ साली मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि त्यानंतर तिथे लष्करी छावणी वसली. कॅम्प म्हटले की बंगले आले, बंगल्यांत टेबल, खुर्च्या, आरामखुर्ची, पुस्तकांचे कपाट, आरशाचे मेज आले. साहेबाची बदली झाली की सामान विकले जाई, ते शहरातल्या वकील-मामलेदारांच्या घरात शिरे, आणि मोडले की दुरुस्तीला स्थानिक सुताराकडे येई. सुताराने एकदा खुर्ची उसकटून जोडली की तिचे गुपित त्याला कळलेच! लाकडाची ददात नव्हती, कारण खानापूरचे जंगल हाकेच्या अंतरावर. सागवान, शिसव, शिवण, फणस, जे हवे ते.

दुसरी गोष्ट, बेळगावला लागून असलेले शहापूर. आज बेळगाव आणि शहापूर यांच्यामध्ये रेघ शोधून सापडत नाही, पण १९४८पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होते आणि बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. विणकर आणि सोनार यांची ती पेठ. चांदीची भातुकली, देवाची चांदीची पालखी असली कामे तिथल्या सोनारांच्या हातची म्हणून मला दाखवण्यात आली आहेत.

तिसरी गोष्ट, गोकाक. गोकाक म्हटले की धबधबा, सूतगिरणी आणि करदंट आठवते. पण गोकाकच्या खेळण्यांचे नाव इंग्रजांच्या गॅझेटियरनेही घेतले आहे. हलके लाकूड आणि त्या परिसरातली विशिष्ट माती यांपासून तिथले जिनगर चित्रे, फळे, भाज्या करीत, आणि त्यांची कीर्ती गावाबाहेर पसरलेली होती. गोकाकचा कारागीर रंगवण्यात पटाईत. पेरू असा की मुंग्या लागाव्यात.

चौथी गोष्ट, सावंतवाडी. वेंगुर्ला बंदरातून माल आंबोली घाटाने बेळगावला चढे, आणि त्या वाटेवर सावंतवाडी. तिथल्या चितारआळीतले लाखकाम, गंजिफा आणि पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी ही तर आपल्या घरातलीच गोष्ट. आमच्या कुंकळ्ळीचे चितारी लाखेने पाट-पाळणे रंगवतात, तीही याच कुळातली कला. लाखेचे काम करायची रीत पाहण्यासारखी असते. कातावर लाकूड गरगर फिरत असते, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याच्या पातीने घासले की आरशासारखी झळाळी.

तर इंग्रजी छावणीची खुर्ची, खानापूरचे लाकूड, गोकाकचा रंग आणि सावंतवाडीची लाख हे चारही रस्ते ज्या टापूत एकमेकांना भेटतात तो हा टापू. १८८८च्या सुमारास मुरगावची रेल्वे कॅसलरॉकला जोडली गेली आणि त्यात गोव्याचा रस्ताही मिळाला. म्हणूनच इथल्या जुन्या घरांतून भातुकलीच्या एकाच टोपलीत चौरंगही निघतो आणि हातांची आरामखुर्चीही. लाखेचा पाळणा आणि त्याच्या शेजारी तेलरंगाने रंगवलेले आरशाचे मेज. मोठी खुर्ची केव्हाच मोडली, विकली, जळाली. तिची वीतभर धाकटी बहीण मात्र टोपलीत राहिली. एखाद्या घरात खुर्चीचा शिरकाव कोणत्या पिढीत झाला, हे मला अनेकदा दप्तरावरून नाही, तर भातुकलीवरून कळले आहे. आजीच्या टोपलीत फक्त पाट, चौरंग आणि घडवंची, आईच्या टोपलीत खुर्ची आणि टेबल, लेकीच्या टोपलीत सोफासेट!

वस्तू खरोखर जुनी आहे की कालच जुनी 'केलेली' आहे, हे ओळखायच्या काही खुणा सांगतो. हा छंद लागलेल्यांना उपयोगी पडतील.

पहिली खूण खिळा. लोहाराने ठोकलेला जुना खिळा चौकोनी अंगाचा आणि वेड्यावाकड्या डोक्याचा असतो. तारेचा गोल, मशीनचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पसरला. अर्थात जुन्या वस्तूला कुणी नंतर नवा खिळा मारलेला असू शकतो, म्हणून एका खिळ्यावर निकाल देऊ नये. दुसरी खूण गोलाई. लाकूड वाळताना सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. कातावर अगदी गोल काढलेला पाय साठ-सत्तर वर्षांनी किंचित लंबगोल होतो. कॅलिपरने दोन दिशांनी मोजले की केसभर फरक सापडतो. ही लबाडी बाजारातल्या माणसाला सहज करता येत नाही. तिसरी खूण रंग. जुन्या लाखेवर बारीक जाळीसारख्या भेगा असतात. पण खात्री करायला स्पिरिटचा बोळा फिरवू नये! लाख स्पिरिटात विरघळते, आणि शंभर वर्षे टिकलेला रंग तुमच्या रुमालावर येतो. ओल्या फडक्यानेही पुसू नये. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी, बास. चौथी खूण झीज. खरी झीज हात लागेल तिथे असते, खोटी झीज सगळीकडे सारखी असते.

हे सगळे झाले वस्तूचे. आता माणसाचे.

पाच-सहा वर्षांपूर्वी निपाणीला एका ओळखीच्यांनी मला त्यांच्या गल्लीतल्या आजींकडे नेले. निपाणी हे तंबाखूचे गाव. पेशवाईतले सरदार सिधोजीराव निंबाळकर यांच्या वाड्याने ओळखले जाणारे, आणि नंतरच्या काळात तंबाखूच्या वखारींनी आणि तिथे राबणाऱ्या बायकांनी. आजी नव्वदीला टेकलेल्या, पण आवाज खणखणीत.

"कुठनं आलासा?"

"गोव्याहून, आजी."

"गोव्यास्नं? एवढ्या लांबनं पोरींची खेळणी बघाय?" म्हणून मनसोक्त हसल्या आणि देवघरातून एक पलंग घेऊन आल्या. दीड वीत लांब, कातीव पाय, डोक्याकडे छोटी कमान, तांबड्या-पिवळ्या लाखेचे पट्टे. त्यावर बाळकृष्ण निजवीत. पलंगाच्या फळीवर तेलाचा थर. मी मनातल्या मनात 'देवाचे' या सदरात नोंद केली आणि परवानगी घेऊन पलंग उलटा केला. खालून चारही पाय झिजलेले. एका पायाला दातांच्या खुणा.

मी विचारले तेव्हा आजींनी सांगितले ते असे. पलंग त्यांच्या आईचा. आईचे माहेर शहापूर. नवव्या वर्षी लग्न होऊन ती निपाणीत आली, तेव्हा तिच्या वडिलांनी पेटाऱ्यात हा पलंग आणि एक घडवंची घातली होती. दुपारी सासू निजली की ती माडीवर जाऊन खेळे. सासूला हे ठाऊक होते, पण ती बोलत नसे. न्हाण आले त्या दिवशी मात्र सासूने पलंग उचलला, धुतला, पुसला आणि देवघरात नेऊन ठेवला. म्हणाली, आता ह्याच्यावर देव निजंल. घडवंची कुठे गेली ते कळले नाही.

"आई रोज देवाला त्याच्यावर निजवायची," आजी म्हणाल्या. "आनि रोज कायतरी पुटपुटायची. मंत्र न्हाई, दुसरंच काय तरी."

इथे थोडा विचार करा. सारडा कायदा १९२९चा, अंमल १ एप्रिल १९३०पासून. मुलीचे वय चौदा. आणि तोही ब्रिटिश मुलखापुरता, संस्थानांना आपोआप लागू नव्हता. म्हणजे निपाणीत जे कायद्याने बंद झाले ते शहापुरात, सांगली संस्थानात, आपोआप बंद झाले असे नव्हे. एका गावातून दुसऱ्या गावात सून येताना ती एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात येत होती. आजींच्या आईचे लग्न तर कायद्याच्याही आधीचे. त्या काळात भातुकलीतली चूल आणि खरी चूल यांच्यात एका रात्रीचे अंतर होते. आपण भातुकलीबद्दल लिहितो तेव्हा फार गोड लिहितो. बालपण, निरागसता वगैरे. पण नऊ वर्षांच्या मुलीने सासरी नेलेली भातुकली म्हणजे तिच्या हाती उरलेले तिचे स्वतःचे तेवढेच घर. बाकी सगळे घर सासूचे, सासऱ्याचे, नवऱ्याचे. जमीन नावावर नाही, दागिने नावापुरते, आणि मोठ्या पलंगावर तिचा हक्क किती ते वेगळे सांगायला नको. वीतभर पलंग मात्र तिचा होता. तोही एक दिवस देवाचा झाला.

आजींकडे त्याआधी एक व्यापारी येऊन गेला होता. त्याने पलंगाला 'देवळातला अँटिक' म्हणून बरी किंमत सांगितली होती. आजींनी दिला नाही. दिला असता तर आज तो एखाद्या मोठ्या शहरातल्या दिवाणखान्यात काचेच्या टेबलावर असता, आणि खाली चिठ्ठी असती, 'देवघरातील शेज, दक्षिण महाराष्ट्र'. चिठ्ठीत खोटे काहीच नसते. फक्त ती नऊ वर्षांची मुलगी नसती.

या व्यापाराबद्दल दोन शब्द. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२चा आहे आणि तो १९७६पासून अंमलात आला. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू मानली जाते. खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. पण कायद्याला वस्तू दिसते, गोष्ट दिसत नाही. वाडे पाडले जातात, वाटण्या होतात, मुले पुण्या-बंगळुराला असतात, आणि तुळया-खांब-दारांच्या सौद्यात भातुकलीची टोपली फुकट जाते. मला बेळगावात एका जुन्या सामानाच्या दुकानात एकाच पोत्यात अकरा पाळणे दिसले होते. कोणत्या गावचे, कोणत्या घरचे, दुकानदाराला काही सांगता येईना. अकरा घरे एका पोत्यात!

म्हणून मला संग्राहक म्हटले की पुण्याचे दिनकर केळकर आठवतात. 'अज्ञातवासी' नावाने कविता करणारा हा माणूस (१८९६–१९९०) अडकित्ते, दिवे, गंजिफा, बाहुल्या, स्वयंपाकघरातली भांडी गोळा करीत गावोगाव हिंडला, तेही अशा काळात, जेव्हा संग्रहालयात फक्त राजांच्या वस्तू ठेवायच्या असतात असा समज होता. लहानपणीच वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी तो संग्रह उभा केला आणि पुढे महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. वीस हजारांवर वस्तू, आणि दारावर नाव एका लहान मुलाचे. पुण्याच्याच विलास करंदीकरांनी भातुकलीचा मोठा संग्रह करून त्याची प्रदर्शने भरवली. आमच्या बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी 'गोवा चित्र' उभे केले तेही पाडल्या जाणाऱ्या घरांतून फेकून दिलेली अवजारे-भांडी जमवूनच. या माणसांनी वस्तूंबरोबर त्यांचा वापर आणि नावे वाचवली, हे त्यांचे खरे काम. नुसते जमवणे कुणालाही जमते, पैसे असले की झाले.

आता सीमाभागाची गोष्ट निघाली आहे तर सीमेबद्दल बोलल्यावाचून गत्यंतर नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, २०१४च्या १ नोव्हेंबरपासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. मराठी माणसाची त्यामागची वेदना मला ठाऊक आहे, आणि ती मी हलकी लेखत नाही. पण माझ्या रजिस्टरचा शेवटचा रकाना या भांडणात पडत नाही. त्यात एकाच घरात एकाच वस्तूपुढे दोन नावे पडतात. आजी 'पाट' म्हणते, हुक्केरीहून आलेली सून 'मणे' म्हणते. हिचा 'पाळणा', तिचा 'तोट्टिलु'. हिची 'बाहुली', तिची 'गोंबे'. खुर्चीला मात्र दोघी खुर्चीच म्हणतात, कारण ती दोघींच्याही घरात उशिरा आली!

एक गोष्ट मात्र मी पाहतो. नावे जात आहेत, आणि दोन्ही भाषांतली जात आहेत. घडवंची काय असते ते आज चाळिशीच्या आतल्या माणसाला सांगावे लागते. मोठी घडवंची घरातून गेली तेव्हा शब्द थोडा काळ भातुकलीत राहिला, कारण खेळताना मुली तो वापरीत. मग भातुकली स्टीलची झाली, पुढे प्लास्टिकची झाली, तिच्यात गॅसची शेगडी आणि फ्रीज आला, आणि घडवंची शब्दासकट गेली. यात रडण्यासारखे काही नाही, काळाबरोबर खेळणी बदलायचीच. आजच्या मुलीचा प्लास्टिकचा फ्रीजही उद्याचा इतिहास आहे. पण बदल कधी झाला आणि कुणाच्या हातून झाला, हे कुठेतरी लिहिलेले असावे की नको?

निपाणीच्या आजी मागच्या वर्षी गेल्या. पलंग त्यांच्या नातवाने पुण्याला नेला. मी त्या दिवशी, आजींच्या परवानगीने, एक छोटा कागद लिहून ठेवला होता. पातळ हातकागद, पेन्सिलीने, कारण शाई लाकडात उतरते. डिंक न लावता दोऱ्याने फळीखाली बांधला. त्यात आजींच्या आईचे माहेरचे नाव, सासरचे नाव, गाव, लग्नाच्या वेळचे वय आणि 'घडवंची हरवली' एवढेच आहे. नातवाने फोनवर सांगितले की कागद अजून तसाच आहे आणि त्याच्या मुलीने तो वाचून दाखवला.

वाचकांना माझी एकच विनंती आहे. तुमच्या माळ्यावर, तुमच्या मामाच्या फोंड्यातल्या किंवा पेडण्यातल्या घरात, तुमच्या बेळगावच्या मावशीच्या फडताळात अशी एखादी वस्तू असेल. ती मला देऊ नका, विकू नका, संग्रहालयालाही लगेच नेऊ नका. प्रथम घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा की ही कुणाची, आणि तिला तुम्ही काय म्हणत होता. ती जे नाव सांगेल ते, ज्या भाषेत सांगेल त्या भाषेत, पेन्सिलीने लिहून वस्तूखाली बांधा. आजच विचारा. लाकूड अजून शंभर वर्षे थांबेल, सांगणारी थांबणार नाही.